पोराच्या नावावर

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी ते पत्र माझ्यासमोरच टाइप करून दिलं. मी काउंटरपाशी उभी, छत्रीतून त्यांच्या कार्पेटवर पाणी गळतंय आणि मी ते बुटाने झाकायचा प्रयत्न करतेय. "इमिग्रेशनसाठी ना?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत टाइप करायला घेतलं पण, म्हणजे माझ्यासारख्या आया इथे नेहमी येत असणार. मजकूर साधाच होता, मुलगा सप्टेंबरपासून ज्युनिअर इन्फन्ट्समध्ये, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गात, आहे, पत्ता अमुक, रोज त्याची आई त्याला सोडते आणि न्यायला येते, पालकसभेला तीच येते. आणि मग शेवटी एक वाक्य जे कुणी मागितलंच नव्हतं, की मुलगा नेहमी नीटनेटका असतो आणि त्याच्या डब्यात रोज घरचं जेवण असतं. खाली शिक्का, मुख्याध्यापकांची सही.

ते वाचून मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच उभी राहून परत एकदा वाचलं. डबा! पहाटे उठून पोळ्या लाटून त्याच्या गुंडाळ्या करायच्या, आत कधी बटाट्याची भाजी कधी नुसतं तूपसाखर, नट्स शाळेत चालत नाहीत म्हणून दाण्याचं कूट आठवणीने टाळायचं, आणि ते सगळं कुणीतरी बघितलेलं होतं. बक्षीस समारंभात नाव पुकारल्यासारखं झालं. आणि मग बसस्टॉपवर येईपर्यंत तेच वाक्य टोचायला लागलं. मी आई आहे हे मला गेटवर रोज दोन मिनिटं बघणाऱ्या बाईने लिहून द्यायचं, आणि मी वर खूश व्हायचं? डब्यात एखाद दिवशी दुकानातला सँडविच गेला असता तर मी किती टक्के आई झाले असते?

बस आली, गर्दीत पत्र चुरगळू नये म्हणून मी ते जॅकेटच्या आत धरून ठेवलं होतं.

हे पत्र का लागलं ते थोडक्यात सांगते. मी डब्लिनला लग्न करून आले, नवऱ्याचं क्रिटिकल स्किल्स परमिट, म्हणजे देशाला हव्या असलेल्या कामांसाठीचा परवाना, त्यामुळे मला स्टँप वन-जी, म्हणजे त्याची बायको म्हणून रहायची आणि काम करायची परवानगी. इथल्या मराठी ग्रुपवर नवीन येणाऱ्या बायकांना हे सगळं तोंडपाठ असतं. २०१९ च्या मार्चपर्यंत अशा बायकांना स्टँप थ्री मिळायचा, म्हणजे देशात रहा पण नोकरी करायची तर स्वतःचं वेगळं परमिट काढा, त्यामुळे इंजिनिअर झालेल्या कितीतरी जणी घरी बसून डिप्रेशनमध्ये गेल्याच्या गोष्टी जुन्या बायका सांगायच्या. आम्ही नशीबवान, आमच्या वेळी थेट काम करता येत होतं. मी एका कंपनीत अकाउंट्समध्ये लागले, मुलगा झाला, आणि नवरा इथे आधीपासून असल्याने त्याची वर्षं पुरेशी भरत होती म्हणून मुलगा जन्मतःच आयरिश नागरिक. पुढे आमचं दोघांचं पटलं नाही. त्यावर मी इथे लिहिणार नाहीये, त्यात कुणी व्हिलन पण नाहीये. त्याला टोरांटोला चांगली नोकरी मिळाली, तो गेला. आणि माझं रहिवासाचं कार्ड संपत आलं तेव्हा लक्षात आलं की ते रिन्यू करायला माझ्याबरोबर तो लागतो, त्याचं कार्ड लागतं, आम्ही एकत्र राहतो असं दोघांनी सांगावं लागतं. ज्या खुंटीवर माझं कार्ड टांगलेलं होतं ती खुंटीच कॅनडाला गेलेली.

सॉलिसिटर शांत माणूस होता. म्हणाला, घाबरू नका, तुमचा मुलगा नागरिक आहे ना, आता त्याच्या आधारावर अर्ज करू. पण त्या अर्जाचा निर्णय यायच्या आत जुन्या कार्डाची तारीख उलटून जाणार होती आणि ती गेलीच. एका मंगळवारी सकाळी उठले तेव्हा सगळं कालच्यासारखंच होतं, केटल, पोराचे मोजे, खिडकीवर तोच पाऊस, फक्त मी या देशात कशाच्या जोरावर आहे हे सांगणारा कागद नव्हता. एचआरच्या मुलीने अतिशय गोड भाषेत ईमेल पाठवली की नवीन कार्डाची कॉपी मिळेपर्यंत आपण तुला अनपेड लीव्हवर ठेवूया. ती तरी काय करणार, तिलाही तिचे नियम. लॅपटॉप परत करायला गेले तर रिसेप्शनवरच्या मुलाने विचारलं, सुट्टीवर निघालीस का, मी म्हटलं हो.

मग कागद गोळा करायचा सीझन सुरू झाला. मुलाचा जन्मदाखला, त्याचा पासपोर्ट, भाड्याचा करार, बँक स्टेटमेंट, वीजबिल, डॉक्टरांचं पत्र की याच्या सगळ्या लसी आईने वेळच्या वेळी आणून दिल्या, शाळेचं ते पत्र. मुलाच्या संगोपनात तुमचा वाटा काय याचा पुरावा जोडा, असं यादीत होतं. मी रात्री जेवणाच्या टेबलावर हे सगळं मांडून बसायचे आणि विचार करायचे की खरा वाटा यातल्या कुठल्या कागदावर दिसतो? त्याला ताप असताना रात्रभर मांडीवर घेऊन बसले त्याचं बिल निघत नाही. तो मराठीत "आई मला भ्या वाटतंय" म्हणतो, हे "भ्या" तो माझ्या आईकडून व्हिडिओ कॉलवर शिकलाय, याचं पत्र कोण देणार? मग वाटायचं बरंच आहे की हे मागत नाहीत. मागितलं असतं तर मी तेही दिलं असतं, शिक्का मारून.

त्या रिकाम्या महिन्यांत मी वाचत बसले. नोकरी नाही, पोरगं शाळेत, लायब्ररीत फुकट हीटिंग. तिथे मला तो झांब्रानो भेटला. कोलंबियाचा माणूस, बेल्जियममध्ये आसरा मागायला आलेला, तो नामंजूर झाला, पण पुढे त्याला तिथे दोन मुलं झाली आणि ती बेल्जियन नागरिक ठरली. बाप परमिटशिवाय काम करत राहिला, नोकरी गेली, बेकारभत्ता मागायला गेला तर तुला कामाचा हक्कच नव्हता म्हणाले. प्रकरण थेट युरोपियन न्यायालयात गेलं आणि ८ मार्च २०११ ला निकाल आला की छोट्या नागरिकांच्या आईबापांना रहायला आणि काम करायला परवानगी नाकारली तर ती मुलं त्यांच्याबरोबर युरोपबाहेर फेकली जातील आणि मग त्यांच्या नागरिकत्वाला काय अर्थ राहिला. झांब्रानोने माझं नाव कधी ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही, पण माझ्यासारख्यांची जी फाइल इथे चालते तिला लोक अजून त्याच्याच नावाने ओळखतात. महिलादिनाचा निकाल आहे, हे मला उगाचच आवडलं.

आयर्लंडची स्वतःची गोष्ट याच्या आधीची आहे आणि जरा कडू आहे. पूर्वी इथे जन्मलेलं प्रत्येक मूल नागरिक असायचं, आणि त्याच्या आईबापांनाही साधारण राहू द्यायचे. २००३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूल नागरिक आहे म्हणून आईबापांना आपोआप हक्क मिळत नाही. पुढच्या वर्षी ११ जूनला सार्वमत घेतलं, मॅटर्निटी हॉस्पिटलांत परदेशी बायका नुसत्या पासपोर्टसाठी बाळंत व्हायला येतात अशी हवा तापवलेली, आणि जवळजवळ ७९ टक्के लोकांनी जन्माने मिळणारं नागरिकत्व बंद करायच्या बाजूने मत दिलं. म्हणून १ जानेवारी २००५ पासून जन्मणाऱ्या मुलासाठी परदेशी आईबापांपैकी एकाने आधीच्या चार वर्षांत तीन वर्षं इथे कायदेशीर काढलेली असावी लागतात, आणि विद्यार्थी म्हणून काढलेली त्यात धरत नाहीत. माझा मुलगा रोटुंडात झाला, ते हॉस्पिटल १७४५ सालचं आहे, तिथल्या नर्सने त्याला माझ्या हातात देताना "वेलकम टू डब्लिन, मिस्टर" म्हटलं होतं. तो नागरिक आहे का नाही हे तिच्या हातात नव्हतं, तो तर हिशेब होता, त्याच्या बापाच्या जुन्या कार्डांवरच्या तारखांचा.

रोटुंडा म्हटलं की आमच्या घरात दुसराच विषय निघतो. माझं माहेर कुडाळ, मावशी मालवणात, आणि लिओ वराडकर हा माणूस पण रोटुंडातच जन्मलेला, त्याचे वडील मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०१७ मध्ये तो इथला पंतप्रधान झाला तेव्हा मी कॉलेजात होते आणि आयर्लंड नकाशात नीट दाखवता आलं नसतं मला, पण मावशीने पेढे वाटले होते. २०१९ च्या शेवटी तो वराडला येऊन गेला ते फोटो तिच्याकडे अजून आहेत. माझं कार्ड अडकल्याचं कळल्यावर तिने पहिली गोष्ट काय सुचवली असेल? "आपल्या लिओक सांग मगे." मी म्हटलं अगो मावशी, तो आता पंतप्रधान नाय, आणि असता तरी काय. "नाय कसो? गावचो माणूस आसा." आणि आईचा रोजचा फोन, "काय गो चेडवा, गावला काय नाय तुझा ता कार्ड?" जणू ते कपाटामागे पडलंय आणि मी नीट शोधत नाहीये.

आईला मी सगळं समजावून सांगितलं होतं की आधी मी ह्यांच्या परमिटवर होते, आता मुलाच्या नावावर राहणार. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, म्हणजे आजोबा म्हणायचे तसंच की. आजोबा कीर्तनाला जाऊन आले की आजीला चिडवायला ते संस्कृत वचन म्हणून दाखवायचे, बाईला लहानपणी बापाने सांभाळायचं, तरुणपणी नवऱ्याने आणि म्हातारपणी मुलाने, आणि आजी चुलीपुढून ओरडायची की तुमका कोण सांभाळता ता आधी सांगा. माझं नाव लग्नाआधी बाबांच्या रेशनकार्डावर होतं, लग्नानंतर ते तिथून कमी केलं. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर अजून नवऱ्याचं नाव आहे. आणि आता मुलगा. आयर्लंड सरकारने फक्त घाई केली, पोरगं साडेचार वर्षांचं आहे आणि त्याला स्वतःची चेन लावता येत नाही. मी हे हसत हसत सांगितलं पण फोन ठेवल्यावर हसू आलं नाही. इतकी शिकले, इतक्या लांब आले, पगार कमावला, टॅक्स भरला. तिकडे महाराष्ट्रात आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव लावायचं ठरलंय म्हणे, ते वाचून मला भरून आलं होतं. इथे उलटं, माझ्या कागदावर माझ्या मुलाचं नाव.

पण मग दुसऱ्या बाजूनेही विचार यायचा. हा हक्क माझा नाहीच, असं सॉलिसिटर परत परत सांगायचा, हा तुमच्या मुलाचा हक्क आहे, त्याला त्याच्या देशात त्याची आई जवळ असण्याचा. म्हणजे नागरिकाला देश काय काय देतो, तर लायब्ररी, खेळायला बाग, दर महिन्याला १४० युरो चाइल्ड बेनिफिट, आणि एक आई. या यादीत आपण बसतो हे काही वाईट नाही. नवऱ्याच्या परमिटवर होते तेव्हा मी त्याच्या नोकरीची पुरवणी होते, कंपनीला माणूस हवा होता आणि त्याच्याबरोबर बायको आली. इथे निदान कुणालातरी मीच हवी आहे, दुसरी चालणार नाही. संध्याकाळी असं वाटायचं, सकाळी परत अपमान वाटायचा. काही दिवस दोन्ही एकदम, भाजी चिरता चिरता.

पोराला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. आई घरी असते याचा त्याला प्रचंड आनंद, त्याच्या लेखी हा सगळ्यात चांगला हिवाळा होता. शाळेतून आला की आयरिशमधलं नवीन वाक्य म्हणून दाखवायचा, त्याला आलेलं पहिलं अख्खं वाक्य म्हणजे बाईंकडे शी-शूला जायची परवानगी मागायचं. ते इथल्या प्रत्येक मुलाला येतं, बाकी आयरिश विसरलेल्या साठीच्या माणसालाही तेवढं वाक्य येतं. घरात बाथरूमच्या दारात उभा राहून तो मला ते विचारायचा आणि मी हो म्हणेपर्यंत हलायचा नाही, एकदा मी मुद्दाम उत्तर द्यायला उशीर केला तर पायाला पाय घासत उभा राहिला बिचारा.

भाच्याची मुंज त्याच काळात झाली. दादाने एकदाही ये असं म्हटलं नाही, त्याला माहीत होतं की मी देशाबाहेर पडले तर परत आत येणं अवघड. फोन स्टँडवर लावून मला मातृभोजन दाखवलं, वहिनी भाच्याला घास भरवत होती आणि मागे कुणीतरी जिलब्यांचं ताट घेऊन सारखं कॅमेऱ्याच्या आडवं येत होतं. माझ्या पोराने स्क्रीनला नाक लावून विचारलं की त्याचे केस कुठे गेले.

निर्णयाचं पत्र एका साध्या पांढऱ्या पाकिटात आलं. स्टँप फोर मंजूर, म्हणजे वेगळं परमिट न काढता इथे रहायची आणि काम करायची परवानगी. खाली अटी, देशाचे कायदे पाळा, इथेच रहा, स्वतःच्या पायावर उभं रहायचा प्रयत्न करा, मुलाच्या आयुष्यातला तुमचा सहभाग चालू ठेवा. शेवटच्या अटीवर मी बोट ठेवून बसले. नाही ठेवला तर? कुठल्याही आईला कुणी ही अट लेखी घातलीय का, शेजारच्या आयरिश बाईला घातलीय? आणि तरी त्या कागदाला मी हळदकुंकू वाहिलं, हे आईला सांगितलं नाही, तिला फार आनंद झाला असता.

मग कार्डासाठी बर्ग कीवरच्या इमिग्रेशन ऑफिसात जाणं. ओकॉनेल ब्रिजपासून दोन मिनिटांवर, समोर लिफी नदी, ओहोटी असली की चिखलाचा वास आणि सीगल कचऱ्याच्या पिशव्यांवर तुटून पडलेले. जुने लोक अजूनही तिथल्या कार्डाला जीएनआयबी म्हणतात, नाव २०१७ च्या शेवटी बदललं तरी. २०१६ पर्यंत म्हणे या फुटपाथवर लोक आदल्या रात्रीपासून रांग लावायचे, थंडीत, पोरांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून. मग ऑनलाइन अपॉइंटमेंट सुरू झाली तर काहींनी सॉफ्टवेअर लावून सगळ्या तारखा आधीच उचलायच्या आणि फेसबुकवर विकायच्या असा धंदा काढला. आपल्या रेल्वे तिकिटांची आठवण व्हावी इतकं सगळं ओळखीचं. आता ते बरंच सुधारलंय, मला आत बसायला खुर्ची मिळाली. आजूबाजूला ब्राझिलियन पोरंपोरी, केरळच्या नर्सबाया ड्युटी संपवून आलेल्या, आणि माझ्या बाजूला एक नायजेरियन बाई बहिणीबरोबर आलेली. तिचं स्वतःचं कधीच झालं होतं. २००५ मध्ये सरकारने अशा आईबापांसाठी एकदाच खिडकी उघडली होती, १६ हजारांहून जास्त लोकांना त्यात परवानगी मिळाली, त्यातली ती एक. तिचा तेव्हाचा बाळ आता कॉलेजात जातो. "तो मला घरी काही बोलला की मी सांगते, तुझ्यामुळे मी इथे आहे, मला कंटाळलास तर सरकारला कळव," असं म्हणून ती इतकी मोठ्याने हसली की काउंटरवरच्या माणसाने वर बघितलं. मला एक सल्ला दिला, विचारतील तेवढंच बोल, जास्तीचं एक अक्षर नाही. माझा नंबर आला. बोटांचे ठसे, फोटो, ३०० युरो. काउंटरवरच्या मुलीने मुलाचा पासपोर्ट बघून त्याचा फोटो गोड आहे म्हटलं आणि मी जास्तीची बरीच अक्षरं बोलले.

नोकरी परत मिळाली, त्याच टेबलावर, लॅपटॉप दुसरा. घरी येऊन मी नागरिकत्वाचं कॅल्क्युलेटर उघडलं. नियम असा की अर्जाआधीच्या नऊ वर्षांत पाच वर्षं इथे हिशेबात धरण्यासारखी झालेली हवीत आणि त्यातलं शेवटचं वर्ष सलग. माझी पाच वर्षं जवळ आलेली होती. मधले कागदाशिवायचे महिने वगळले तर ती लाल झाली, आणि सलग वर्षाचा काटा परत शून्यावर. त्या महिन्यांत मी भाडं भरलं, पोराला शाळेत सोडलं, डबा केला, शाळेनेच तसं लिहून दिलंय, पण कॅल्क्युलेटरला मी तेव्हा इथे नव्हतेच. कुठे होते मग? अजून वर्ष. ठीक आहे, एक वर्ष काय.

काल पोराच्या पासपोर्टची तारीख सहज बघितली, ज्याच्यावर आता माझं सगळं उभं आहे. लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो, संपत आलाय. फॉर्म डाउनलोड केला. दोन्ही पालकांची संमती लागते, साक्षीदारासमोर केलेल्या सह्या, एक माझी आणि एक टोरांटोची. मेसेज टाकला, त्याच्या टाइमझोनप्रमाणे ऑफिस सुटायच्या वेळेला, सरळ कामाचं मराठी, नमस्कार नाही की कसा आहेस नाही, फॉर्म जोडलाय, तिथे नोटरीसमोर सही करून ओरिजिनल पोस्टाने पाठव. दोन निळ्या टिका आल्या. मग बऱ्याच वेळाने, पाठवतो, आणि त्याचा उंची मोजलेला फोटो पाठव ना एक, दाराच्या चौकटीवरचा. मी म्हटलं आधी सही.